घरची जुनी गाडी सुटी करण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

वडिलांची किंवा आजोबांची फियाट, ॲम्बॅसेडर अथवा मारुती ८०० स्वतःच्या हौसेने, घरच्याच अंगणात उभी करून पुन्हा चालती करण्याचे ज्यांनी मनावर घेतले आहे, त्यांच्यासाठी हे माहितीपत्रक आहे. पाना कसा धरावा आणि इंजिन कसे चालते हे आपणांस ठाऊक आहे, असे आम्ही धरून चालतो. आमची विनंती एकच आहे : गाडी सुटी करण्यापूर्वी ती एकदा बेळगावातील आमच्या गॅरेजमध्ये जोडलेल्या अवस्थेत दाखवावी. फोनवर हे आम्ही प्रत्येकाला सांगतो, तरीही पावसाळा सरला की खानापूर, निपाणी, चंदगड किंवा गडहिंग्लजच्या बाजूने एखादा टेम्पो येतोच, आणि त्यात एकीकडे गाडीचा सांगाडा, दुसरीकडे पोत्यावर आडवे ठेवलेले इंजिन आणि उरलेली सगळी गाडी गोडेतेलाच्या डब्यांत भरलेली असते.

अशी गाडीही आम्ही घेतो. मात्र तिच्या कामाचा पहिला मोठा हिस्सा सामानाची ओळख पटविण्यातच जातो आणि त्याचे पैसे ग्राहकाला मोजावे लागतात. कोणता बोल्ट कुठला, कोणता ब्रॅकेट उजवीकडचा, कोणती पट्टी कंपनीची आणि कोणती मधल्या काळात एखाद्या मिस्त्रीने बसविलेली, हे ठरविण्यास पुष्कळदा प्रत्यक्ष जोडणीपेक्षा अधिक वेळ लागतो. जुन्या ॲम्बॅसेडरचे नटबोल्ट इंची मापाचे, तर फियाटचे मिलिमीटरचे असतात. ज्या घरी दोन्ही गाड्या होऊन गेल्या, तिथल्या डब्यात ते हटकून एकत्र झालेले सापडतात; दिसायला जवळजवळ सारखा असलेला चुकीचा बोल्ट जोर लावून बसविला की ब्लॉकमधले आटे जातात आणि दहा रुपयांच्या वस्तूपायी लेथचे काम निघते.

गाडी जोडलेली असली म्हणजे तिची तपासणी सरळ होते. इंजिन चालू होत असेल तर ऑइलचा दाब पाहता येतो, गिअरबॉक्स कोणत्या गिअरला आवाज करतो ते ऐकता येते आणि प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजता येते. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला, तर प्लगच्या भोकातून थोडे ऑइल सोडून आम्ही पुन्हा मोजतो. आकडा वाढला तर बहुधा रिंगा झिजलेल्या असतात, आणि तसाच राहिला तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅसकेटवर जातो. एवढ्या एका चाचणीवरून बोरिंगचा, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून घेण्याचा, खर्च करावा की नुसते हेड उतरवून भागेल, याचा अंदाज बांधता येतो. इंजिन एकदा सुटे होऊन आले की हा प्रश्न विचारण्याची सोय राहत नाही, आणि मग खात्रीसाठी सगळेच उघडून मापावे लागते.

इंजिनाच्या आतल्या काही भागांच्या जागा ठरलेल्या असतात, हे हौशी मंडळींच्या पुष्कळदा लक्षात येत नाही. क्रँकच्या मेन बेअरिंगच्या कॅप ब्लॉकला लावून मगच त्यांचे भोक एकसंध कापलेले असते. त्यांची अदलाबदल झाली किंवा एखादी उलटी बसली तर क्रँक जखडतो. कनेक्टिंग रॉडच्या कॅपचेही तेच आहे. फियाट आणि ॲम्बॅसेडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनांत टॅपेट आणि पुशरॉड आपापल्या जागी घासून बसलेले असतात, म्हणून ते ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत गेले पाहिजेत. पुठ्ठ्याला ओळीने भोके पाडून, एका टोकाला ‘रेडिएटरकडे’ असे लिहून त्यात पुशरॉड खोचून ठेवले तर कसलाच घोटाळा होत नाही. आमच्याकडे मात्र ते बहुधा रबराने बांधलेल्या जुडीत येतात.

पत्र्याच्या बाबतीत होणारे नुकसान याहून मोठे असते. वर सांगितलेल्या तिन्ही गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. मजला, दारांखालची सिल, खांब आणि छत मिळूनच गाडीचा भार पेलतात. आपल्याकडच्या पावसात, विशेषतः खानापूरच्या आणि घाटाच्या बाजूला, सर्वांत आधी सडते ती हीच सिल, कारण लाल मातीचा चिखल आत साठतो आणि पाणी जाण्याची भोके बुजतात. सडलेली सिल ग्राइंडरने कापणे सोपे आहे. परंतु दारे उतरवून, सीट काढून, आत आडवे-तिरपे पाइप न बांधता ती कापली की मजला मधोमध किंचित बसतो आणि दाराची चौकट आपला आकार सोडते. नवीन सिल त्याच अवस्थेत वेल्ड झाली तर दार पुन्हा कधीही नीट लागत नाही. गाडी जॅकवर असताना हा फरक डोळ्यांना दिसत नाही. तो कळतो रंग झाल्यावर, दार लावताना, जेव्हा कुलूप लागण्यासाठी दार उचलून आपटावे लागते. म्हणून सिलचे काम होईपर्यंत दारे जागेवरच राहू द्यावीत. आम्ही काम हाती घेताना दाराभोवतीची फट चारही बाजूंनी मोजतो, आकडे गाडीवरच खडूने लिहितो, आतून पाइपांची चौकट बांधतो आणि एका वेळी एकाच बाजूची सिल कापतो. यामुळे वेळ लागतो हे खरे, पण दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने हे काम करण्याची आमची तयारी नाही.

बारीकसारीक वस्तूंपैकी एकीचाच येथे उल्लेख करतो. काही गाड्यांत दाराच्या बिजागरीमागे पातळ पत्र्याची शिम असते. वर्षानुवर्षांच्या रंगाखाली ती इतकी मिसळून गेलेली असते की बिजागरी निघताच ती रंगाची खपली समजून झाडून टाकली जाते. ती गेली की दार तेवढ्याने आत बसते आणि मागच्या पॅनेलशी त्याची पातळी जुळत नाही. बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट सोडण्यापूर्वी तिच्या कडेने सुईने रेघ ओढून ठेवावी. परत बसविताना बिजागरी त्या रेघेत आणली की बॉनेट पहिल्याच प्रयत्नात जुळते.

“आम्ही सगळे फोटो काढले आहेत” असे पुष्कळ जण सांगतात. फोटो अवश्य काढावेत, पण मोबाइलमधल्या शेकडो फोटोंतून डाव्या बाजूचे कोणते आणि उजव्या बाजूचे कोणते, हे काही महिन्यांनंतर स्वतः काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. प्रत्येक फोटोत एका चिठ्ठीवर क्रमांक लिहून ठेवावा आणि तोच क्रमांक त्या भागाच्या पिशवीत घालावा. वायरिंग काढताना वायर कधीही कापू नये. जोड सुटत नसेल तर दोन्ही टोकांना एकाच क्रमांकाची पट्टी लावून मगच तो सोडवावा. ज्यांना घरीच गाडी सुटी करायची आहे त्यांच्यासाठी आम्ही क्रमांक घातलेल्या पिशव्या, तारेची लेबले आणि भाग कोणत्या क्रमाने उतरवावेत याचा छापील तक्ता असा संच ठेवला आहे. तपासणीसाठी आलेल्या गाडीबरोबर तो विनामूल्य दिला जातो.

तपासणीचे शुल्क का घेता, असे विचारले जाते. जोडलेल्या गाडीच्या तपासणीत लिफ्ट, एक अनुभवी मिस्त्री आणि एक मदतनीस गुंतून पडतात, आणि शेवटी हातात जो लेखी अहवाल पडतो तो घेऊन आपण दुसरीकडे काम करून घेतले तरी आमची हरकत नसते. काम आमच्याकडे झाल्यास हे शुल्क बिलातून वजा होते. सुट्या भागांत आलेल्या गाडीला मात्र सामान ओळखून वेगळे लावण्याचा आकार तासाप्रमाणे पडतो आणि तो वजा होत नाही. फोनवरून पूर्ण खर्चाचा आकडा आम्ही सांगत नाही, कारण रंग आणि लांबी (पत्र्याचे खड्डे भरण्याची पुटी) उतरविल्याखेरीज खाली पत्रा किती उरला आहे हे कोणालाच दिसत नाही. ज्या गाडीवर पूर्वी दोन-तीनदा रंग झाला आहे, तिच्या मडगार्डवर बोटभर जाडीची लांबीही निघते. म्हणून आमचे अंदाजपत्रक टप्प्याटप्प्याने दिले जाते आणि एक टप्पा संपून त्याचा हिशेब झाल्यावरच पुढचा उघडला जातो. बदललेला प्रत्येक जुना भाग आम्ही परत देतो.

सगळे काम आमच्याकडेच द्यावे असा आग्रह नाही. गाडी घरी उतरवून फक्त पत्राकाम आमच्याकडे, किंवा फक्त इंजिन आमच्याकडे आणि बाकी सर्व स्वतः, असे करणारे आमचे बरेच ग्राहक आहेत. बोरिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि एखादे बुश नव्याने करून घेणे ही कामे उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या मशीन शॉपमध्ये आमच्या देखरेखीखाली होतात. फाउंड्री आणि लेथची एवढी परंपरा हाताशी असणे ही बेळगावकरांची मोठी सोय आहे, तिचा उपयोग करून घ्यावा. न मिळणाऱ्या भागांचे तसे नाही. ॲम्बॅसेडर आणि मारुती ८०० यांचे उत्पादन २०१४ साली थांबले, पद्मिनीचे, म्हणजे नंतरच्या फियाटचे, त्याच्या पुष्कळ आधी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली. मारुतीचे बहुतेक सामान अजून मिळते. फियाटच्या क्रोम पट्टीच्या क्लिपा, काचेभोवतीचे मूळ मापाचे बिडिंग किंवा दाराचे हँडल यांसाठी मात्र मुंबईतील ऑपेरा हाउस किंवा बेंगळुरूच्या जे.सी. रोडवर चौकशी करावी लागते, आणि तिथेही नशिबाचा भाग असतो. तेव्हा तुटलेली क्लिपसुद्धा टाकू नये; नमुना म्हणून तिचा उपयोग होतो.

गणपतीला किंवा दसऱ्याला गाडी दारात हवी, ही मागणी आम्हांला समजते. खंडेनवमीला पूजेसाठी गाडी उभी असावी असे कोणाला वाटणार नाही? अडचण अशी की त्याआधीचे चार महिने रंगाला सर्वांत वाईट असतात. दमट हवेत उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पांढुरका धूर चढतो. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचे हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी रासायनिक क्रिया करते आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे उठतात. लांबीवर पाण्याने पाणकागद मारला की ती पाणी धरून ठेवते, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथेच फोड येतो. म्हणून मृगापासून पाऊस ओसरेपर्यंत आम्ही अंतिम रंग मारत नाही. त्या काळात इंजिन, वायरिंग, ब्रेक आणि सीटची कामे चालतात. दसऱ्याला गाडी हवी असेल तर ती आदल्या दिवाळीनंतर लगेच आलेली उत्तम, निदान गुढीपाडव्याच्या आत तरी आली पाहिजे.

कागदपत्रांचे काम आम्ही करत नाही, परंतु दोन-तीन गोष्टी सांगणे भाग आहे. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि पुढे ते दर ५ वर्षांनी होते. त्या वेळी चेसिस क्रमांकाची पेन्सिलने घेतलेली छाप लागते, म्हणून तो क्रमांक जिथे ठोकलेला आहे तिथे ग्राइंडर किंवा सँडब्लास्टिंग अजिबात चालवू नये आणि त्यावर लांबी भरू नये. रंग बदलायचा असल्यास तो आरसीवर चढवून घ्यावा. पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीची सोय झाली आहे. मात्र तिच्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रविवारी घरच्यांना घेऊन सौंदत्तीला जाण्याचा बेत असेल तर नेहमीची नोंदणीच चालू ठेवावी. महाराष्ट्र किंवा गोव्याच्या क्रमांकाची गाडी कामासाठी आमच्याकडे राहिली तर तिच्या नोंदीचे जॉब कार्ड जपून ठेवावे, कारण परराज्यातील गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवल्यास येथील नोंदणी घ्यावी लागते.

बरीच वर्षे उभी असलेली गाडी आणण्यापूर्वी ती ढकलून सुरू करण्याचा प्रयत्न करू नये आणि टाकीत नवीन पेट्रोल ओतू नये. आतला गंज आणि जुना चिकट थर सुटून थेट कार्बोरेटरमध्ये जातो. शिवाय हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम लवकर मऊ पडतात, ते आधी बदलावे लागतात. ब्रेकची खात्री नसलेली गाडी दोरीने ओढत आणू नये. सपाट ट्रकची व्यवस्था बेळगाव, खानापूर आणि हुक्केरी तालुक्यांत आम्ही करून देतो. काम पूर्ण झाल्यावर गाडी मालकासह वंटमुरी घाट चढवून, तापमानाचा काटा पाहूनच ताब्यात दिली जाते.

तपासणीसाठी येताना आरसी, विम्याचा कागद, गाडीचे जुने फोटो असतील तर ते, आणि घरातल्या सर्व किल्ल्या आणाव्यात. डिकीची किल्ली वेगळी असेल तर तीही आणावी.