क्ष-किरणांचा स्पंद नेमका आला कधी?

कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये स्लॅक प्रयोगशाळेत एलसीएलएस हा क्ष-किरण लेसर 2009 पासून चालू आहे. त्याचा एक स्पंद, म्हणजे किरणांचा क्षणिक झोत, जेमतेम दहा ते शंभर फेम्टोसेकंद टिकतो (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग), पण त्यात सुमारे एक लाख कोटी फोटॉन असतात. इवलासा स्फटिक त्यात फुटून जातो. मात्र तो फुटण्याआधीच विवर्तनाचा, म्हणजे स्फटिकातून विखुरलेल्या किरणांच्या नक्षीचा, ठसा डिटेक्टरवर उमटलेला असतो. या करामतीचे कौतुक बरेच होते. खरी डोकेदुखी वेगळी आहे, ती वेळेची.

रेणू बदलताना पाहायचा तर आधी साध्या लेसरने तो चेतवायचा आणि ठरावीक वेळाने त्यावर क्ष-किरण सोडायचे. मधली वेळ बदलायला साध्या लेसरच्या वाटेत एक सरकता आरसा पुरतो. प्रकाश एका फेम्टोसेकंदात 0.3 मायक्रॉन जातो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आरसा 15 मायक्रॉन मागे घेतला की जाण्यायेण्याची वाट 30 मायक्रॉनने वाढते आणि 100 फेम्टोसेकंद उशीर होतो.

इथवर सगळे सोपे. पण क्ष-किरण देणारे इलेक्ट्रॉन प्रवेगकातून, म्हणजे त्यांना वेग देणाऱ्या यंत्रातून, सुमारे एक किलोमीटर धावत येतात आणि दर खेपेला शंभरेक फेम्टोसेकंद मागेपुढे होतात. त्यात लेसर आणि प्रवेगक यांची वेळ जुळवणारा घड्याळाचा इशारा वाहून नेणारी काचेची फायबर आणखी भर घालते. शंभर मीटर फायबरचे तापमान एका अंशाने बदलले, तरी हजारो फेम्टोसेकंदांचा फरक पडतो!

ही चुळबुळ पूर्ण थांबवता येत नाही, म्हणून ती दर स्पंदाला मोजतात. क्ष-किरणांच्या वाटेत सिलिकॉन नायट्राइडचा पातळ पापुद्रा असतो. क्ष-किरण आदळताच त्याची पारदर्शकता एकदम बदलते. त्याच सुमारास चेतवणाऱ्या लेसरपासून बनवलेला पांढरा प्रकाश त्यातून जातो, पण त्याचे रंग मुद्दाम पुढेमागे केलेले असतात: लाल आधी, निळा नंतर. वर्णपटात ज्या रंगापाशी पायरी, म्हणजे उजेडात एकदम पडलेला फरक, दिसते, त्यावरून क्ष-किरण कधी आले ते कळते. एलसीएलएसच्या मूळ प्रवेगकातून सेकंदाला 120 स्पंद येतात. प्रत्येक चित्रावर अशी वेळ नोंदवून संगणक ती चित्रे नंतर क्रमाने लावतो. पायरी वर्णपटाच्या बाहेर सरकली, तर मात्र ते चित्र बाद.

आणि वेळ अचूक असूनही निष्कर्ष चुकू शकतो. रेणूतल्या बदलाच्या खुणा ठळक दिसाव्यात म्हणून चेतवणाऱ्या लेसरची ऊर्जा वाढवण्याचा मोह होतो. मग रेणू एकाऐवजी दोन फोटॉन गिळतो आणि जे दिसते ते भलत्याच प्रक्रियेचे असते. म्हणून आधी ऊर्जा निम्मी करून पाहावी: खूणही निम्मी झाली तर ठीक, पावपट झाली तर ऊर्जा आणखी कमी करायला हवी.