परसातल्या टर्कींचा आजार आणि ‘मानमोडी’ या शब्दाची गुंतागुंत

नाताळसाठी परसात वाढवलेल्या टर्कींचा ‘ब्लॅकहेड’ नावाचा एक आजार गोव्यात अनेकांनी पाहिलेला आहे, पण त्याचे निदान फार थोड्यांच्या हाती पडते. दीड-दोन महिन्यांची पिल्ले खाणे टाकतात, पंख सैल सोडून डोळे मिटून उभी राहतात, गंधकासारखी पिवळी विष्ठा टाकतात आणि आठवडाभरात एकामागून एक मरतात. त्याच अंगणात, त्याच भांड्यातले पाणी पिणाऱ्या गावठी कोंबड्यांना मात्र काहीही होत नाही. निदानाचा सर्वांत मोठा धागा हा फरकच आहे, आणि नेमका तोच वारंवार दुर्लक्षिला गेला आहे.

टर्की मूळचा मेक्सिकोचा. तो स्पेनमार्गे युरोपात आणि पोर्तुगीज जहाजांतून गोव्यात पोहोचला. 1612 साली मुघल बादशहाच्या दूताने गोव्याहून नेलेल्या अपूर्व पशुपक्ष्यांत टर्की होता, आणि दरबारातील चित्रकाराने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या संग्रहालयात आहे. पोर्तुगीज भाषेत या पक्ष्याला ‘पेरू’ म्हणतात, त्यामुळे मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर आधी फळ येते. पक्ष्याचा इतिहास असा जुना असला, तरी त्याच्या आजाराचा इतिहास बराच अलीकडचा आहे.

खरी गुंतागुंत नावात आहे. टर्कीची पिल्ले पटापट मरू लागली की बहुतेकांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘मानमोडी’. हा शब्द आता कोंबड्यांच्या राणीखेत या विषाणुजन्य रोगासाठी रूढ झाला आहे, पण तो मुळात एका रोगाचे नाव नसून एका दृश्याचे वर्णन आहे. 1918 च्या इन्फ्लुएंझालाही मराठीत मानमोडीची साथ म्हटले गेले होते. कोंबड्यांचा हा रोग 1926 मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडातील न्यूकॅसल येथे नोंदला गेला, पुढच्याच वर्षाच्या सुमारास तो कुमाऊँमधील राणीखेत येथे आढळला, आणि मान पिळवटलेली कोंबडी पाहून लोकांनी जुनाच शब्द त्याला लावला. तेव्हापासून या शब्दावर दोन ओझी आहेत. पशुवैद्यकाच्या कागदावर तो एका ठरावीक विषाणूचा निर्देश करतो. अंगणात मात्र मान टाकून मेलेला प्रत्येक पक्षी मानमोडीनेच मेलेला असतो. मरणाऱ्या पक्ष्याची मान शेवटी ढिली पडतेच, मग कारण आतड्यात असो, यकृतात असो की खाद्यात. या गल्लतीतून आणखी एक गैरसमज वाढला. राणीखेतची लस दिलेल्या कळपातही टर्की मेल्या, तर लसच निकामी होती असे मानले जाते, आणि पुढच्या वर्षी कोंबड्यांनाही लस टोचली जात नाही. वास्तविक राणीखेत रोग टर्कींपेक्षा कोंबड्यांत अधिक तीव्र असतो. लस न टोचलेल्या अंगणात तो आला असता, तर आधी कोंबड्या गेल्या असत्या. कोंबड्या धडधाकट आणि टर्की मृत, हे चित्र मानमोडीचे नव्हे. इतकी साधी गोष्ट एका सोयीच्या शब्दाआड झाकली गेली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

इंग्रजीतील नावही याहून फारसे बरे नाही. टर्कींच्या या आजाराला ‘ब्लॅकहेड’, म्हणजे काळे डोके, म्हणतात. पण डोके काळेनिळे पडणे हे लक्षण कित्येकदा दिसतच नाही, आणि दिसले तरी ते इतर रोगांतही दिसते. काळे डोके दिसले नाही म्हणून हा रोग नाही, असा निष्कर्ष काढणारा माणूस पहिल्याच पायरीवर चुकतो.

2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला, लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, आणि मेलेल्या पक्ष्याकडे पाहण्याची सर्वांचीच दृष्टी बदलली. मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका, तो फाडू नका, कळवा आणि चुना टाकून पुरा, ही सूचना घराघरांत पोहोचली. त्या प्रसंगी ती आवश्यक होती आणि अनेक पक्षी एकाएकी मेले तर आजही आवश्यक आहे. तरीही परसातल्या पाच-सहा टर्कींच्या बाबतीत तिचा अर्थ असा झाला की पक्षी उघडून पाहण्याची रीतच मागे पडली. संशयित नमुने बर्फात ठेवून भोपाळच्या प्रयोगशाळेकडे पाठवण्याची पद्धत विषाणूच्या शोधासाठी योग्य आहे. पण ब्लॅकहेडचा आदिजीव, म्हणजे तो आजार घडवणारा एकपेशीय सूक्ष्मजीव, सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतो तो मुख्यतः त्याच्या हालचालीवरून, आणि पक्षी गार झाला की ती हालचाल थांबते. म्हणजे एका रोगासाठी नमुना गार हवा, तर दुसऱ्यासाठी उबदार. गारठवून ठेवलेला पक्षी दुसऱ्या दिवशी तपासायला नेला, तर सूक्ष्मदर्शकातून हाती काही न लागणे ओघानेच येते, आणि मग आजार ‘अनाकलनीय’ ठरतो. बर्ड फ्लूची शंका नसताना, स्थानिक पशुवैद्यकाने ताज्या मृत पक्ष्याचे शवविच्छेदन त्याच दिवशी करावे, असा स्वतंत्र मार्ग तेव्हाच आखून द्यायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण उघडलेला पक्षी फार काही सांगतो. यकृतावर नाण्यासारखे गोल, मध्ये दबलेले पिवळसर डाग आणि आतड्याच्या टोकाशी असलेल्या दोन बंद नळ्यांत, म्हणजे सीकममध्ये, चीजसारखा घट्ट गोळा, ही जोडी दिसली की निदान जवळजवळ पक्के होते. अमेरिकेतील ऱ्होड आयलंडमध्ये 1890 नंतरच्या दशकात या आजाराचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले आणि 1895 मध्ये त्याच्या आदिजीवाचेही. पुढे काही काळ रक्ती हगवणीच्या कॉक्सिडिया या दुसऱ्याच परजीवीला दोष दिला गेला. 1920 मध्ये आदिजीवाला हिस्टोमोनास हे नाव मिळाले, आणि तो सीकममधील हेटराकिस या बारीक जंताच्या अंड्यातून पसरतो हेही त्याच वर्षी पुढे आले. कोंबडी तो जंत सहज वागवते. तिच्या विष्ठेतून पडलेली अंडी मातीत काही वर्षे तग धरतात, गांडुळे ती गिळतात, आणि गांडूळ टर्कीच्या पोटात जाते.

टर्कींच्या एका वेगळ्या आजाराची नोंद इंग्लंडची. 1960 मध्ये तेथे एक लाखाहून अधिक टर्की मेल्या आणि कारण न उमगल्याने त्या आजाराला ‘टर्की एक्स’ असे नाव दिले गेले. तपास ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीवरील बुरशीपर्यंत पोहोचला आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा शोध लागला. जे माहीत नाही त्याला ‘एक्स’ म्हणणे मला मानमोडी म्हणण्यापेक्षा अधिक प्रामाणिक वाटते, कारण त्या अक्षरामुळे शोध चालू राहिला. गोव्याच्या पावसाळ्यात गोणीतल्या मक्याला आणि पेंडीला बुरशी लागायला वेळ लागत नाही, म्हणून यकृत बिघडलेले दिसले तर खाद्यही तपासले पाहिजे.

उपचाराची बाजू अलीकडे अधिकच अवघड झाली आहे. ब्लॅकहेडवर गुण देणारी डायमेट्रिडाझोलसारखी औषधे माणसाच्या आरोग्याला असलेल्या धोक्यामुळे युरोप आणि अमेरिकेत अन्नासाठी पाळलेल्या पक्ष्यांत बंद झाली. अमेरिकेत उरलेले नायटार्सोन हे आर्सेनिकयुक्त औषधही 2015 अखेर मागे घेतले गेले. बंदीचे कारण योग्य होते, परंतु तिची किंमत परसात पाच पक्षी पाळणाऱ्यानेही मोजली. फेनबेंडाझोलसारखे जंताचे औषध हेटराकिसला मारते, पण पक्ष्याच्या यकृतात पोहोचलेल्या आदिजीवाला नाही. म्हणून ते आधी द्यायचे औषध आहे, नंतरचे नव्हे.

टर्कीची अंडी उबायला 28 दिवस लागतात, आणि परसात ती अनेकदा खुडूक गावठी कोंबडीखाली बसवली जातात. कोंबडी पिल्ले उत्तम सांभाळते, उकिरडा उकरून त्यांना गांडुळे खायला शिकवते, आणि पहिल्या पावसात माती भिजली की गांडुळेही भरपूर वर येतात. ज्या जागेत पूर्वी कोंबड्या फिरल्या, त्याच जागेत ही पिल्ले वाढतात. म्हणून पशुवैद्यकाने पिल्ले किती दिवसांची आहेत, हे विचारण्याआधी ती कोणाखाली उबवली आणि त्या जमिनीवर गेल्या तीन-चार वर्षांत कोंबड्या होत्या का, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.