लॅन स्विचचं सर्टिफिकेशन: अर्ज परत का येतो, आणि पिक्स नावाचा कागद

भोसरीपासून हिंजवडीपर्यंत हल्ली बरेच जण लॅन स्विच (ऑफिसातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा डबा) बनवतात किंवा बाहेरून आणून विकतात, आणि सर्टिफिकेटचा अर्ज परत आला की मग फोन करतात. रोज तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून लिहितोय.

आधी टीईसीचं, म्हणजे दूरसंचार खात्याच्या टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग सेंटरचं. ५ सप्टेंबर २०१७ च्या नियमांमुळे टेलिकॉम उपकरण विकायच्या किंवा आयात करायच्या आधी टेस्टिंग आणि सर्टिफिकेट सक्तीचं झालं, लॅन स्विच त्यात येतो. अर्ज एमटीसीटीईच्या (या सक्तीच्या टेस्टिंग-सर्टिफिकेशन योजनेच्या) पोर्टलवर, टेस्ट मान्यताप्राप्त लॅबमध्ये, सर्टिफिकेट ५ वर्षं चालतं. रजिस्ट्रेशन, फी वगैरे सरळ आहे, त्यात कुणी अडकत नाही.

अडकतात ते नावात. रिपोर्टवर मॉडेल नंबर मधे डॅश टाकून, लेबलवर डॅश नाही, अर्जात तिसरंच काहीतरी. तुमच्या दृष्टीने तो एकच डबा, तपासणाऱ्याच्या दृष्टीने तीन. आणि अर्जात डब्यावर असतील तेवढे सगळे इंटरफेस टाका, एसएफपी पोर्ट (फायबरचं मॉड्यूल बसवायची खाच) राहिला की टेस्टिंग पुन्हा. हे आधी कुणी धड सांगत नाही, शेरा मारून परत पाठवायला मात्र सगळे तयार.

परदेशी कंपनीचा माल असेल तर तिच्या अधिकारपत्रासकट भारतातला अधिकृत प्रतिनिधी लागतो. "आम्ही त्यांच्याकडून दरवर्षी माल घेतो" म्हणजे अधिकारपत्र नव्हे. अॅडाप्टरचं बीआयएस (भारतीय मानक ब्युरोचं) रजिस्ट्रेशन पण वेगळं बघा बरं का.

आता दुसरं प्रकरण. मोठा ग्राहक किंवा टेंडर प्रोटोकॉल कॉन्फॉर्मन्सचा, म्हणजे डबा स्टँडर्डप्रमाणे वागतो की नाही याचा, रिपोर्ट मागतो. लॅब पहिल्यांदा मागते ती 'पिक्स', म्हणजे स्टँडर्डमधलं काय काय तुम्ही केलंय आणि काय नाही याचा कलमवार तक्ता. हा कागद कुणाकडेच नसतो! लोक डेटाशीट पाठवतात, त्यावर "आरएसटीपी सपोर्ट" (नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणारा प्रोटोकॉल) एवढीच ओळ. अहो, आयईईई ८०२.१क्यू या स्विचच्या स्टँडर्डच्या मागे जोडपत्रात पिक्सचा कोरा नमुना दिलाय, तो फर्मवेअर लिहिणाऱ्या माणसाला शेजारी बसवून भरा, सेल्सवाल्याला देऊ नका कारण तो सगळीकडे 'हो' लिहितो आणि ज्याला 'हो' लिहिलंत ते सगळं टेस्ट होतं. चिपवाल्याच्या एसडीकेमध्ये (चिपसोबत मिळणाऱ्या तयार सॉफ्टवेअरमध्ये) असलेलं फीचर तुमच्या फर्मवेअरमध्ये चालू असेलच असं नाही.

"दुसऱ्या कंपनीच्या स्विचला जोडून बघितलं, चालतंय की" हा पुरावा धरत नाहीत. आणि उलटंही होतं, स्टँडर्ड पाळूनही दोन स्विचचं जमत नाही. १९९८ च्या ८०२.१डी या जुन्या स्टँडर्डप्रमाणे १ गिगाबिटच्या लिंकची पाथ कॉस्ट (रस्ता निवडायचा आकडा, कमी तो बरा) ४, २००४ च्या आवृत्तीत तीच २०,०००. दोन्ही स्विच आपापल्या जागी बरोबर, पण एकत्र लावले की ट्रॅफिक भलत्याच लिंकवरून जातो. एमएसटीपीत (आरएसटीपीचाच व्हीलॅनच्या, म्हणजे एकाच नेटवर्कमधल्या वेगळ्या गटांच्या, हिशोबाने चालणारा भाऊ) तर रिजनचं (एकत्र चालणाऱ्या स्विचच्या गटाचं) नाव, रिव्हिजन नंबर आणि व्हीलॅनचं मॅपिंग यातलं एक जरी जुळलं नाही तर स्विच एकमेकांना परके समजतात. त्यामुळे कॉन्फॉर्मन्स आणि इंटरऑपरेबिलिटी (दुसऱ्यांच्या डब्यांबरोबर चालणं) असे दोन वेगळे रिपोर्ट आहेत, टेंडरमध्ये नक्की कुठला मागितलाय ते वाचूनच लॅबला पैसे भरा.

सँपल पाठवताना त्यातल्या फर्मवेअरचा व्हर्जन लिहून ठेवा. टेस्ट चालू असताना "छोटासा बग फिक्स" म्हणून फर्मवेअरची नवीन बिल्ड टाकलीत की आधीच्या टेस्टवर पाणी.