१९२२: डब्लिनचा दप्तरखाना का जळाला?

आयर्लंडमधल्या पूर्वजांचा शोध घेणारा कोणीही थोड्याच दिवसांत एका भिंतीशी येऊन थांबतो. १९०१ची जनगणना घरागणिक वाचता येते, तिच्या मागची मात्र जवळजवळ काहीच हाती लागत नाही. "सगळं १९२२च्या आगीत गेलं" हे ठरलेलं उत्तर निम्मंच खरं आहे. १८६१ आणि १८७१चे तक्ते सरकारनेच मोजणीनंतर नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यात गेले. आगीने खाल्ले ते १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१चे, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या आधीचे आणि लगेच नंतरचे. हे नुकसान कशामुळे झालं हे समजायला ते वर्ष जानेवारीपासून पाहावं लागतं.

६ डिसेंबर १९२१ रोजी लंडनमध्ये ब्रिटिश सरकार आणि आयरिश प्रतिनिधी यांच्यात आयर्लंडला साम्राज्यात राहून स्वराज्य देणारा तह झाला आणि ७ जानेवारी १९२२ला डॉलने, म्हणजे आयरिश लोकसभेने, तो ६४ विरुद्ध ५७ मतांनी मान्य केला. अवघ्या सात मतांचा फरक. भांडण फाळणीवरून झालं असा अनेकांचा समज असतो. उत्तरेकडचे सहा परगणे १९२०च्या कायद्यानेच वेगळे झाले होते, आणि तहावरच्या चर्चेत त्यांच्याबद्दल फार थोडं बोललं गेलं. खरा वाद शपथेचा होता. डॉलच्या सभासदाने आधी फ्री स्टेटच्या, म्हणजे तहातून होणाऱ्या नव्या आयरिश राज्याच्या, राज्यघटनेशी निष्ठा सांगायची आणि मग राजा पाचवा जॉर्ज व त्याच्या वारसांशी इमान राखण्याची ग्वाही द्यायची, असा तिचा क्रम होता. तहावर सही करणारे मायकेल कॉलिन्स आणि आर्थर ग्रिफिथ यांना ती पुढे जाण्याची पायरी वाटत होती. प्रजासत्ताकाचे तेव्हाचे अध्यक्ष एमन डी व्हॅलेरा आणि त्यांच्या बाजूच्यांचं म्हणणं असं, की ज्या प्रजासत्ताकाची शपथ आम्ही आधीच घेतली आहे, ते या शब्दांनी आम्हीच मोडतो. दोन्हीकडची माणसं प्रामाणिक होती, म्हणूनच मधला मार्ग निघेना.

१६ जानेवारीला डब्लिन कॅसल कॉलिन्सच्या हंगामी सरकारच्या ताब्यात आलं. ब्रिटिश फौज बराकी रिकाम्या करत गेली. बराक कोणाच्या हाती पडायची ते त्या भागातली आयआरएची, म्हणजे ब्रिटिशांशी लढलेल्या आयरिश बंडखोर सेनेची, तुकडी कोणत्या बाजूची यावर ठरत होतं. एकाच देशात दोन सैन्यं उभी राहिली ती अशी. १४ एप्रिलला रोरी ओ'कॉनर, लिअम मेलोज आणि त्यांच्या तहविरोधी साथीदारांनी लिफी नदीकाठचं फोर कोर्ट्स हे न्यायालयाचं संकुल व्यापलं.

१६ जूनला निवडणूक झाली, आपल्याकडे विधान परिषदेला असते तशाच पसंतीक्रमाच्या मतांनी. दोन्ही गटांनी आधी समझोता करून एकत्र यादी दिली होती, तरी कौल स्पष्ट आला: १२८पैकी तहवादी ५८, तहविरोधी ३६, बाकी मजूर पक्ष, शेतकरी आणि अपक्ष. या बाकीच्यांनाही तह चालणारा होता. सहा दिवसांनी लंडनमध्ये माजी ब्रिटिश सेनाप्रमुख फील्ड मार्शल सर हेन्री विल्सन यांचा त्यांच्या घराच्या दाराशी खून झाला. ब्रिटिश मंत्रिमंडळाने फोर कोर्ट्सवर बोट ठेवलं. आपल्याच फौजेने हल्ला करायचा बेतही त्यांनी आखला होता, तो ऐनवेळी रद्द झाला. मग तहविरोध्यांनी सरकारी सेनेचा उपप्रमुख जे. जे. ओ'कॉनेल याला पकडून नेलं आणि कॉलिन्सला थांबायला जागा उरली नाही.

२८ जूनच्या पहाटे चारच्या सुमारास नदीपलीकडून तोफा सुरू झाल्या. त्या १८ पौंडी आणि ब्रिटिशांकडून उसन्या आणलेल्या होत्या. आधी दोन, नंतर चार. त्या चालवण्याचा सराव फारसा कोणाला नव्हता. मिळालेल्या गोळ्यांत बरेचसे छर्ऱ्यांचे होते. मोकळ्यावरची माणसं मारायला ते कामाचे, दगडी भिंत पाडायला नव्हेत. म्हणून मारा तीन दिवस लांबला.

संकुलाच्या पश्चिम अंगाला सरकारी दप्तरखाना होता. त्याचे दोन भाग होते: पुढे कचेरी आणि वाचनकक्ष असलेली इमारत, मागे सहा मजल्यांचं भांडार. भांडारात तेराव्या शतकापासूनचे कागद रचलेले होते. दोन्हींच्या मधे मोकळी पट्टी आणि लोखंडी दारं होती. कचेरीत आग लागली तर ती भांडारात जाऊ नये, हा त्यामागचा विचार. वेढ्यातल्या लोकांनी नेमका भांडाराचाच उपयोग दारूगोळा बनवायला आणि साठवायला केला. ३० जूनला दुपारी प्रचंड स्फोट झाला. तो मुद्दाम उडवलेला सुरुंग होता की आग साठ्यापर्यंत पोचली, यावर आजही एकमत नाही. जळकी पानं शहरभर उडत राहिली आणि त्याच दुपारी आतल्यांनी शरणागती पत्करली. आग अडवण्याची सोय कामाला आली, पण उलट्या दिशेने: भांडार राख झालं आणि कचेरी वाचली. त्या दिवशी योगायोगाने वाचनकक्षात आणून ठेवलेले कागद तेवढे शिल्लक राहिले.

इथून सुरू झालेल्या यादवी युद्धाचे पुढचे महिने वेगाने गेले. जुलैअखेर लिमरिक आणि वॉटरफर्ड सरकारने घेतलं, ऑगस्टमध्ये समुद्रमार्गे फौज उतरवून कॉर्क. ३१ जुलैला दक्षिण आयर्लंडच्या ब्रिटिश पलटणी बरखास्त झाल्या. त्यांतल्या रॉयल डब्लिन फ्युजिलियर्सची दुसरी बटालियन ही मुळात ईस्ट इंडिया कंपनीची बॉम्बे युरोपियन रेजिमेंट. १२ ऑगस्टला ग्रिफिथ वारले, आणि २२ ऑगस्टला कॉर्कमध्ये बेल-ना-ब्लाह इथे दबा धरून झालेल्या हल्ल्यात कॉलिन्स मारला गेला. तो ३१ वर्षांचा होता. ६ डिसेंबरला फ्री स्टेट कायद्याने अस्तित्वात आलं. दुसऱ्या दिवशी उत्तरेच्या संसदेने त्यातून बाहेर राहण्याचा ठराव केला, आणि त्याच दिवशी डब्लिनमध्ये डॉलचे तहवादी सभासद शॉन हेल्स यांना गोळ्या घातल्या गेल्या. उत्तर म्हणून ८ तारखेला सकाळी ओ'कॉनर, मेलोज आणि आणखी दोघांना खटल्याविना ठार करण्यात आलं. ज्या मंत्रिमंडळाने हे ठरवलं त्यात केव्हिन ओ'हिगिन्स होते. तेरा महिन्यांपूर्वी त्यांच्या लग्नात नवरदेवाचा पाठराखा म्हणून हाच रोरी ओ'कॉनर उभा होता.

भांडारात काय होतं हे बऱ्यापैकी कळतं, कारण तिथले अधिकारी हर्बर्ट वुड यांनी १९१९मध्ये त्याची सूची छापली होती. तिच्याच आधाराने जगभरच्या संग्रहांतल्या नकला जुळवून जून २०२२मध्ये डिजिटल भांडार खुलं झालं. मृत्युपत्रं गेली, पण १८००पूर्वीच्या अनेकांची टिपणं सर विल्यम बेथम यांनी काढून ठेवली होती. चर्च ऑफ आयर्लंडच्या जन्म-लग्न-दफनाच्या निम्म्याहून जास्त वह्या गेल्या. ज्या पाद्रींनी त्या गावातच ठेवल्या होत्या त्यांच्या उरल्या. कॅथलिक वह्या तिथे जमाच झाल्या नव्हत्या, त्यामुळे शोध घेणाऱ्याने प्रथम तिकडे वळावं. त्यानंतर १८६४पासूनची जन्ममृत्यूची सरकारी नोंद, आणि त्याआधीसाठी १८४७ ते १८६४ची जमीन-घरांच्या मूल्यांकनाची यादी. यादीत फक्त जमीन वा घर धारण करणाऱ्याचं नाव असतं, बायकामुलांचं नाही, हे लक्षात ठेवावं.

जनगणनेचाही एक तुकडा आडवाटेने वाचला. १९०९पासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन मिळू लागली, पण त्यांच्या जन्माच्या वेळी सरकारी नोंदच नव्हती. म्हणून अर्जदार आपल्या आईबापांची नावं आणि गाव लिहून द्यायचे आणि कारकून १८४१ किंवा १८५१च्या तक्त्यात ते घर शोधून वय उतरवून घ्यायचा. तक्ते जळाले, पण शोधाचे अर्ज राहिले. डब्लिनच्या राष्ट्रीय पुराभिलेखागारात ते आज नावानिशी पाहता येतात. काही अर्जांवर अख्खं घर उतरवलेलं सापडतं, आणि काहींवर "सापडले नाही" एवढाच शेरा.