जमिनीखालचा हायड्रोजन इतकी वर्षे नोंदींतून का निसटला

जमिनीतून निघणाऱ्या वायूत हायड्रोजन असतो, हे जुने ज्ञान आहे. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव यांनी 1888 मध्ये युक्रेनमधील माकीव्का येथील कोळसा खाणीच्या भेगांतून येणाऱ्या वायूत 5.8 ते 7.5 टक्के हायड्रोजन असल्याची नोंद केली. दक्षिण ऑस्ट्रेलियात यॉर्क द्वीपकल्पावर 1931 मध्ये तेलासाठी खोदलेल्या रॅमसे विहिरीत तर वायूचा मोठा भाग हायड्रोजनच निघाला. तेल मिळाले नाही, म्हणून ती विहीर सोडून देण्यात आली.

त्या काळी वायूचा नमुना रासायनिक पद्धतीने, त्याचे घटक जाळून आणि शोषून घेऊन तपासत. त्यात हायड्रोजन सहज कळायचा. 1950 नंतर गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे नमुना नळीतून ढकलून त्याचे घटक वेगळे करण्याची पद्धत, रुळली आणि नमुना पुढे नेणारा वाहक वायू म्हणून बहुतेक ठिकाणी हेलियम वापरला जाऊ लागला. उष्णतावाहकतेवर चालणारा शोधक वाहक वायू आणि नमुना यांच्यातला फरक टिपतो. हायड्रोजनची उष्णतावाहकता आर्गॉनच्या सुमारे दहापट आहे, पण हेलियमच्या मात्र जवळपास तेवढीच. त्यामुळे हेलियम वापरला की हायड्रोजनचा संकेत अगदी क्षीण येतो. मिथेन शोधणाऱ्याला याची अडचण वाटली नाही. परिणामी तेलउद्योगाच्या हजारो अहवालांत हायड्रोजनचा रकानाच नाही. त्या अहवालांवरून ‘तिथे हायड्रोजन नव्हता’ असा निष्कर्ष काढता येत नाही. नव्याने तपासणी करणाऱ्याने आर्गॉन किंवा नायट्रोजन वाहक वायूच मागावा.

दुसरे कारण विहिरींच्या खोलीत आहे. तेलाची विहीर गाळाच्या थरांत थांबते, तर हायड्रोजन बराचसा त्याखालच्या पायाच्या जुन्या, कठीण खडकात तयार होतो. लोहयुक्त खडकांशी पाण्याची अभिक्रिया होते, द्विसंयोजी लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन मॅग्नेटाइट हे लोहाचे खनिज बनते आणि हायड्रोजन मोकळा होतो. अल्ट्रामाफिक (लोह आणि मॅग्नेशियम भरपूर असलेल्या) खडकांत हे साधारण 200 ते 300 अंश सेल्सिअसला सर्वांत वेगाने घडते. युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या किरणोत्सारानेही पाण्याचे विघटन होते, पण फार संथपणे. खुद्द गाळात हायड्रोजन देणारा स्रोत म्हणजे अतिपक्व (खोलवर फार तापलेले) सेंद्रिय द्रव्य. गाळाच्या खोऱ्याचे, म्हणजे थर साचलेल्या खोलगट भागाचे, मुख्य काम मात्र साठवणीचे: सच्छिद्र थर आणि त्यावर मीठ, चिकणमाती किंवा डोलराइट या घट्ट अग्निज खडकाचे झाकण.

हे झाकण खरोखर काम करते, याचा पुरावा पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाने दिला. बुराकेबुगू गावाजवळ 1987 मध्ये पाण्यासाठी विहीर खोदली गेली. 108 मीटरवरही पाणी लागले नाही, वर आलेल्या वायूने सिगारेटमुळे पेट घेतला आणि विहीर बंद केली गेली. पुढे ती उघडून तपासली, तेव्हा वायूत सुमारे 98 टक्के हायड्रोजन निघाला. 2012 पासून त्यावर गावासाठी वीज तयार होऊ लागली. नंतरच्या अभ्यासात मुख्य साठा पोकळ्या पडलेल्या डोलोमाइटमध्ये (चुनखडीसारख्या खडकात) आणि झाकण डोलराइटचे असल्याचे दिसले. उपसा चालू असूनही दाब घटला नाही. साठा खालून भरत असावा, असे मानण्याचे ते सर्वांत भक्कम कारण आहे.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याची गोष्ट अधिक सावध करणारी आहे, आणि आमच्या मते प्रत्येक नव्या प्रकल्पाने आधी तीच वाचावी. तिथल्या स्कॉट आणि हाइन्स विहिरींत 1980 च्या दशकात सुमारे एक तृतीयांश हायड्रोजन आणि उरलेला बहुतेक नायट्रोजन मिळाला. जवळच्या दुसऱ्या एका विहिरीच्या पुढील अभ्यासात दोन स्रोत वेगळे करावे लागले: नायट्रोजन आणि हेलियमसोबत खोलातून येणारा हायड्रोजन, आणि विहिरीच्या नळीतच लोह व विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनमुळे बनलेला हायड्रोजन. पोलादी केसिंग (विहिरीचे अस्तर) गंजले, विहिरीत आम्ल सोडले किंवा ड्रिलिंग मड (खोदताना वापरायचा चिखलासारखा द्रव) ड्रिलच्या टोकाच्या उष्णतेने तुटले, तरी हायड्रोजन निघतो. केवळ समस्थानिकांवर (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंवर) विसंबता येत नाही, कारण गंजातून आणि कमी तापमानाच्या नैसर्गिक अभिक्रियेतून येणाऱ्या हायड्रोजनमध्ये ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, सारखेच तुटपुंजे असते. म्हणून केसिंग केव्हा बसवले, आम्ल केव्हा वापरले, पंप किती काळ चालला याची तारीखवार नोंद हवी. विहीर साचलेले पाणी काढून धुवावी, मग नमुने घ्यावेत आणि हेलियमचे प्रमाण शेजारी मांडावे.

पृष्ठभागावरच्या मोजणीतही असाच धोका आहे. मातीत सुमारे एक मीटर खोल भोक पाडून वायू ओढतात. ठोक्याच्या ड्रिलने घर्षण होऊन तिथेच हायड्रोजन तयार होऊ शकतो, म्हणून भोक हाताने पाडावे किंवा वाट पाहून पुन्हा मोजावे. हवेत हायड्रोजन जेमतेम 0.5 पीपीएम (दहा लाखांत अर्धा भाग) असतो, पण मातीतले जीवाणू तो बनवतातही आणि खातातही. ब्राझीलच्या साऊँ फ्रान्सिस्को खोऱ्यात बसवलेल्या संवेदकांनी दिवसाच्या वेळेनुसार होणारे चढउतार दाखवले. तिथे एकदाच घेतलेला आकडा फसवू शकला असता.

2021 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाने आणि 2022 मध्ये फ्रान्सने कायद्यात हायड्रोजनच्या शोधाला जागा दिली. 2023 मध्ये रॅमसेजवळच्या नव्या विहिरीत 240 मीटरच्या आसपास 73.3 टक्के हायड्रोजन मिळाला, म्हणजे 1931 ची नोंद खरी होती. त्याच वर्षी फ्रान्सच्या लोरेनमध्ये फोल्श्विलेर विहिरीत पाण्यात विरघळलेल्या वायूतला हायड्रोजन खोलीसोबत वाढताना दिसला. सुमारे 1,100 मीटरवर तो 15 टक्क्यांच्या घरात होता. विरघळलेल्या वायूतली टक्केवारी म्हणजे मोकळ्या वायूचा साठा नव्हे. अल्बानियातील बुल्किझे क्रोमाइट खाणीत वायूत 84 टक्के हायड्रोजन होता, पण मोजलेला प्रवाह वर्षाला किमान 200 टन एवढाच होता. टक्केवारीच्या जोडीला प्रवाह, दाब आणि त्यांचा महिनोन्महिने चाललेला आलेख असल्याशिवाय कोणत्याही खोऱ्याचा अंदाज बांधू नये.