थंडीत लाईट गेली की पाणी कशावर तापवायचं? कोल्हापूरच्या बंबापासून गॅस गिझरपर्यंत

कोल्हापुरात खोली तापवण्याची पद्धत कधी नव्हतीच. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १४-१५ अंशांच्या आसपास येतो. तेवढ्याला घोंगडं पुरतं. इंधन लागायचं ते अंघोळीच्या पाण्याला, आणि लाईट गेली की आजही तिथंच अडतं.

विजेआधी हे काम तांब्याच्या बंबाचं. मधोमध धुराडं, खाली जाळी आणि राखेचा कप्पा, भोवती पाणी. विस्तव पाण्याच्या पोटातच असल्यानं उघड्या चुलीवरच्या हंड्यापेक्षा जळण कमी लागतं. आधी पाणी, मग विस्तव, हा क्रम चुकला की बंब गेला: आतल्या कल्हईतलं कथील २३२ अंशांना वितळतं, डाग दिलेले सांधे सुटतात आणि गळती लागते. जळण म्हणजे शेणी, करवंट्या, भुसा, आणि गुऱ्हाळावर उरलंच तर चिपाड. गुऱ्हाळांचा हंगाम नेमका थंडीत, ही सोय मोठी. पण चिपाड भुरकन जळतं, म्हणून खाली शेणीचा निखारा आणि वर चिपाड. आता साखर कारखाने उसाच्या चोथ्यावर वीजच तयार करतात.

मधल्या काळात रेशनचं निळं रॉकेल आणि पंपाचा स्टोव्ह आला. पिन मारून बर्नर साफ ठेवला नाही तर ज्योत पिवळी होऊन भांडी काळी. रॉकेलचे दर हळूहळू वाढवत केंद्रानं २०२० पर्यंत अनुदान संपवलं, तसा तो आधारही गेला.

वीज थंडीतही जाऊ शकते, हे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे दिसलं होतं: भूकंपानं कोयनेची वीजनिर्मिती थांबली. पण घरोघरी इन्व्हर्टर आले ते २००५ नंतरच्या लोडशेडिंगमुळं. इथं हिशेब फसवा आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात, आणि १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला ०.७ युनिट पुरतं. तरी गिझर चालत नाही, कारण तो एकदम २,००० वॅट ओढतो आणि घरगुती इन्व्हर्टर साधारण ७०० वॅटचा. ओव्हरलोड होऊन तो बंद पडतो.

गॅस गिझरला ठिणगीपुरते दोन सेल लागतात. २० लिटरची बादली २५ अंशांनी तापवायला साधारण ६० ग्रॅम गॅस, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये दोनशेवर बादल्या. मात्र तो न्हाणीघराबाहेर, उघड्या हवेतच बसवावा. बंद न्हाणीत ऑक्सिजन कमी पडून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि माणूस ओरडण्याआधीच बेशुद्ध पडतो. बंद खोलीत ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीचंही हेच.