महामंदी आणि शासकीय उपाययोजना : बेळगाव सीमाभाग

भाव, रोजगार आणि पतपुरवठा एकाच वेळी कोसळून ती स्थिती वर्षानुवर्षे टिकते, तेव्हा तिला महामंदी म्हणतात. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार गडगडल्यानंतर आलेली महामंदी ही तिचे ठळक उदाहरण होय. चलन, कर, आयातशुल्क, कर्जनिवारण आणि सरकारी कामे ही राज्यकर्त्यांची अशा वेळची साधने असतात. अमेरिकेत मार्च १९३३ मध्ये अध्यक्ष झालेल्या रूझवेल्ट यांनी ती जवळजवळ सगळीच वापरली. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि त्याच्या भवितव्याचे निर्णय लंडन, दिल्ली व मुंबई येथे विभागून होत.

रुपयाचा दर १९२७ पासून १ शिलिंग ६ पेन्स असा चढा ठेवलेला होता. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णपरिमाण, म्हणजे चलनाचे मूल्य ठराविक सोन्याशी बांधण्याची पद्धत, सोडले, तेव्हाही रुपया त्याच दराने स्टर्लिंगला, म्हणजे ब्रिटिश पौंडाला, बांधला गेला. सोने महागले, देशभरातील खेड्यांतून सोन्याचे डाग मोडून विकले जाऊ लागले आणि ते सोने परदेशी जाऊ लागले. सरकारने ही निर्यात रोखली नाही.

कापूस, तंबाखू, शेंगा यांवर रोकड मिळवणाऱ्या रयतेला खरी अडचण शेतसाऱ्याची होती. सारा रोख रकमेत आणि दीर्घ मुदतीसाठी ठरलेला असे, तर सूट किंवा तहकुबी, म्हणजे वसुली पुढे ढकलणे, आणेवारीवर, म्हणजे पीक किती आले यावर मिळे. ही रचना दुष्काळासाठी होती. पीक सोळा आणे येऊनही त्याला भाव नाही, हे संकट तिच्या चौकटीत बसतच नव्हते. १९२४ च्या बेळगाव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष असलेल्या महात्मा गांधींनी जानेवारी १९३० मध्ये मांडलेल्या ११ मागण्यांत सारा निम्मा करणे आणि रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्सवर आणणे या दोन्ही गोष्टी होत्या, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

सावकारी कर्जाकडे मुंबई सरकार उशिरा वळले. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात १९३९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला व त्यात कर्जांच्या तडजोडीसाठी मंडळांची तरतूद होती; पण त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. शिवाय इलाख्याचे कायदे संस्थानी मुलखात आपोआप लागू होत नसत. बेळगावला खेटून असलेले विणकरांचे शहापूर सांगली संस्थानात होते.

शेतीवर सर्वांत दूरगामी परिणाम मात्र १९३२ च्या साखर संरक्षण कायद्याचा झाला असे म्हणता येईल. परदेशी साखरेवरील जकातीमुळे देशातील कारखाने अवघ्या काही वर्षांत सुमारे ३० वरून १३० च्या पुढे गेले. कृष्णाकाठी, तेव्हाच्या अथणी तालुक्यातील उगार खुर्द येथील उगार शुगर वर्क्सची स्थापना १९३९ ची आहे. जिल्हा १९५६ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, तरी उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी, आजही केंद्र सरकारच ठरवते.